आतल्या खोलीतली कपाटं: ललितेतर पुस्तकं वाचकाच्या हाती देण्याच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

वाचनालयाची मे महिन्याची देवघेव चाळली. कादंबऱ्या पुढे, त्यातही ऐतिहासिक. त्यामागे रहस्यकथा, मासिकं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. इतिहास, समाजशास्त्र, विज्ञान, निसर्ग, शेती, अर्थकारण, आत्मचरित्रं हे सगळं एकत्र धरलं तरी रजिस्टरचं एक पान भरत नाही. वाचकांना गोडीच नाही, असं कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दरवेळी म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ही पुस्तकं आतल्या खोलीत, काचेच्या कपाटांत, कुलपाआड आहेत. किल्ली मामांकडे. मामा चहाला गेले की इतिहास बंद.

बैठकीत एवढंच मागून घेतलं: देवघेव टेबलाशेजारी एक उघडी मांडणी, थोडी कार्डशीट, आणि मांडणीवर काय ठेवायचं हे ठरवायची मोकळीक. कार्यवाह म्हणाले, "पुस्तकं जातील हां, मॅडम." चोरीला, असं त्यांना म्हणायचं होतं. दिवाळीपर्यंत करून बघायला परवानगी मिळाली.

५ जून

मामांना घेऊन आतली कपाटं काढली. आपल्याकडे दशांश वर्गीकरण आहे, आकडे बरोबरच आहेत. अडचण अशी, की पुस्तकाला जागा एकच मिळते. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ प्रवासवर्णनांत, काश्मीर आणि युरोपच्या सहलींच्या मधोमध. १८५७ वर काही आहे का म्हणून विचारत येणारा माणूस इतिहासाच्या कपाटाशी जातो आणि हात हलवत परत येतो. महाभारतातल्या माणसांची चिकित्सा करणारं इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ धार्मिक ग्रंथांत, पोथ्यांच्या रांगेत. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘जिणं आमुचं’ ही सगळी आत्मचरित्रांत, नटांच्या आणि क्रिकेटपटूंच्या सोबतीला. खेडं कसं चालायचं हे या पुस्तकांत जितकं आहे तितकं समाजशास्त्राच्या अख्ख्या कप्प्यात नाही, पण तिथून तिकडे बोट दाखवणारं काही नाही.

‘गांवगाडा’ उघडलं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं, १९१५ सालचं. पाठीमागच्या तारीखपत्रावर शेवटचा शिक्का १९९८ चा. त्याच्या वरचा १९९१ चा.

मामांनी ‘माणदेशी माणसं’ काढून ललितेतरच्या ढिगावर ठेवलं. ते ललितात जातं म्हटल्यावर म्हणाले, "ही माणसं खरी हायती. आमच्या आज्याला ठावं हुती." मी ते ढिगावरच राहू दिलं.

९ जून

चिठ्ठीचा नमुना ठरला. प्रत्येक पुस्तकात पोस्टकार्डाएवढं कार्ड, त्यावर तीनच गोष्टी:

हे कुणाच्या कामाचं.
आधी कुठलं पान उघडावं.
काय वगळलं तरी चालेल.

तिसऱ्या ओळीवर मी अडून बसले. कादंबरी पहिल्या पानापासून वाचावी लागते. माहितीचं पुस्तक तसं वाचायचं बंधन नाही, पण हे वाचकाला कुणी सांगितलेलं नसतं. तो प्रस्तावनेपासून सुरुवात करतो, ‘ऋणनिर्देशा’पर्यंत पोचता पोचता दमतो आणि चौथ्या दिवशी पुस्तक परत. ग्रंथपालानं ‘हा भाग सोडा’ असं लिहिलं, की त्याच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

पान क्रमांक आपल्या प्रतीचाच लिहायचा, शेजारी दाखल क्रमांक. आवृत्ती बदलली की पानं बदलतात.

न वाचलेल्या पुस्तकात चिठ्ठी घालायची नाही. त्यामुळे मांडणी हळूहळू भरेल, भरू दे.

१३ जून

पहिल्या चिठ्ठ्या. ‘माझा प्रवास’साठी:

"१८५७ मध्ये साध्या माणसाचं काय झालं हे हवं असलेल्यांसाठी. आधी झाशीच्या वेढ्याचा भाग. सुरुवातीची घरची हकिगत नंतर वाचली तरी चालेल, पण वाचा."

या पुस्तकाबद्दल इथे थोडं जास्त लिहून ठेवते, कारण माझ्या मते आपल्या कपाटातलं हे सगळ्यात कमी वापरलं गेलेलं रत्न. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळलं म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघाले. महूच्या आसपास शिपायांकडून कळलं, की आता गडबड उडणार आहे. तरी हे दोघे पुढे गेले. कमावलेले पैसे वाटेत लुटले गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा गेले. झाशी पडली तेव्हा हे शहरात होते. शेवटी हाती काय राहिलं, तर आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड. चिंतामणराव वैद्यांनी लिहायला लावलं म्हणून ही हकिगत कागदावर आली, आणि भटजी गेल्यावर १९०७ मध्ये छापली गेली. वैद्यांनी त्यात हात फिरवला होता. १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली. आपल्याकडे दोन्ही आहेत. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वैद्यांचीच द्यायची, ती वाचायला सोपी. अभ्यासाला बसणाऱ्याला दुसरी.

यात सेनापती नाही, लढायांचे नकाशे नाहीत. एक भिक्षुक, त्याला तहान लागलेली, विहिरीकडे जावं तर रस्त्यावर गोळ्या. इतिहासाच्या पुस्तकांनी कंटाळलेल्या माणसाला द्यायला याहून चांगलं काही मला माहीत नाही.

१९ जून

काल संध्याकाळी सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. सकाळी दार उघडायच्या आधी दोघं पायरीवर बसलेले, "त्यांचं काही आहे का?" महिन्यापूर्वी, २० मे ला, जयंत नारळीकर गेले तेव्हाही असंच झालं होतं. माणूस गेल्यावर पुस्तकं निघतात, हे खरं तर आपलं अपयश आहे, पण निघाली की हातची सोडू नयेत.

‘रानवाटा’ आणि ‘पक्षी जाय दिगंतरा’ लगेच गेली. ‘चकवाचांदण’ जाडजूड आहे, उचलून पाहतात आणि ठेवतात. त्यात चिठ्ठी घातली: "नवेगावबांधचे दिवस आधी वाचा. बालपण नंतर." वनखात्यातला अधिकारी तळ्याकाठच्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून पाखरं शिकतो, तो भाग एकदा लागला की उरलेलं पुस्तक वाचक स्वतः शोधतो. बाजूला व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ ठेवलं. त्याच भागातलं रान, दुसरे डोळे. पातळ पुस्तक आहे, जाड पुस्तकाला घाबरणाऱ्यानं यापासून सुरुवात करावी.

नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ मांडणीवर होतंच: वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. नववीतली एक मुलगी ते घेऊन गेली. तिला हवं होतं ताऱ्यांवरचं, ‘आकाशाशी जडले नाते’, ते बाहेर गेलंय. नाव नोंदवून घेतलं.

२४ जून

विज्ञानाच्या कप्प्याची सफाई. कादंबरी शिळी होत नाही, माहितीचं पुस्तक होतं, आणि कुठलं किती झालं हे ठरवणं डोकं खाणारं काम आहे. संगणकाची डॉसच्या जमान्यातली पुस्तकं, जुनी आयकर मार्गदर्शकं, रक्तदाबावरची जुनी औषधं सांगणारं एक पुस्तक, ही निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून कमी करायच्या, यादीत. औषधांचं तर आजच कपाटातून काढलं. कुणी वाचून गोळी बदलली तर?

खगोलशास्त्राची जुनी पुस्तकं मात्र टाकवत नाहीत. आकाश कसं पाहावं हे त्यांत सुरेख सांगितलंय. चिठ्ठीवर फक्त लिहिलं: "२००६ च्या आधीचं. प्लुटो ग्रहांत धरलेला आहे, तेवढं सोडा."

‘गांवगाडा’ ११० वर्षांचं, आणि त्यातलं काहीच निर्लेखनात जाण्यासारखं नाही. सल्ला जुना होतो, डोळ्यांनी पाहून टिपलेलं जुनं होत नाही. खरेदीच्या वेळीही हाच निकष लावायला हवा. ‘यशाचे दहा मार्ग’ छापाची पुस्तकं आपण दरवर्षी घेतो, कारण मागणी आहे. घेऊ दे. पण तीन वर्षांनी तीच पुस्तकं कपाटात कशी दिसतात ते एकदा मंडळाला दाखवणार आहे.

२८ जून

पालखी जिल्ह्यात आहे, निम्मं गाव फलटणच्या वाटेवर. वाचनालयात शुकशुकाट, म्हणून लिहायला वेळ.

वारीच्या निमित्तानं दोन गोष्टी मांडणीवर आणल्या. इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख, वारीतून चालताना लिहिलेला. दिंडी एकच, पण जेवायच्या पंगती जातीनं वेगळ्या, हे त्यांना खुपतं आणि ते त्या लपवत नाहीत. भक्तीही लपवत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांत वाचून होतो, चिठ्ठीवर तेच लिहिलं.

दुसरं रा. चिं. ढेरे यांचं ‘श्री विठ्ठल: एक महासमन्वय’, १९८४ चं. हे भारी पुस्तक, सगळ्यांना नाही झेपायचं. संस्कृत अवतरणं, स्थलपुराणं, तळटीपा. पण विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव कसा, बिरोबाशी त्याचं काय नातं, हा भाग आपल्या भागात कुणाला परका नाही. पट्टणकोडोलीच्या यात्रेला विठ्ठल-बिरदेव जोडीनं पुजतात, आपल्याकडची माणसं तिथं जातात. चिठ्ठी: "विठोबा-बिरोबाचा भाग आधी. तळटीपा सोडल्या तरी काही बिघडत नाही."

बी.ए.ला असलेला एक मुलगा दुपारी आला. घरची मेंढरं. ढेरे चाळत उभ्यानंच अर्धा तास वाचलं. मग म्हणाला, "हे आमच्या म्हाताऱ्याला वाचून दाखवतो. त्याला वाटतं, हे फक्त आम्हालाच ठावं आहे."

४ जुलै

तो मेंढरांचा मुलगा परत. आता विठोबा नको, मेंढ्याच हव्यात: जाती, लोकर, रोग. आपल्याकडे स्वतंत्र पुस्तक नाही. मी विश्वकोशाकडे नेलं.

मराठी विश्वकोश आपल्या जिल्ह्यात, वाईत तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केला. पहिला खंड १९७६ चा, ‘अंक’ ते ‘आतुरचिकित्सा’. लोक तो शोभेचा समजतात. खरं म्हणजे पुढचं पुस्तक शोधायचं ते सगळ्यात चांगलं साधन आहे. नोंद वाचायची, मधे ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदीकडे पाठवलेलं असतं तिकडे जायचं, आणि शेवटी ‘संदर्भ’ म्हणून बारीक अक्षरात पुस्तकं दिलेली असतात ती उतरवून घ्यायची. ‘मेंढी’वरून ‘लोकर’, तिथून वस्त्रोद्योग. त्याला हा रस्ता एकदा करून दाखवला. जालावर सगळे खंड फुकट आहेत, हे ऐकून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी इतके दिवस लपवून ठेवलं होतं.

साहित्य आणि संस्कृती मंडळाचीही बरीच जुनी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर उतरवून घेता येतात. त्याचा क्यूआर कोड छापून भिंतीवर लावला. वाचनालयात न येणाऱ्याला वाचायला लावल्याबद्दल देवघेवीचा आकडा वाढत नाही, हा प्रश्न कार्यवाह विचारतीलच. विचारू देत.

९ जुलै

‘ऋतुचक्र’साठी पोथीची ठवणी काढली. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ मध्ये हे पुस्तक महिन्यांप्रमाणे लिहिलं, चैत्रापासून. मग ते घरी न्यायला देण्यापेक्षा टेबलावर चालू महिन्याच्या पानावर उघडं ठेवायचं. आता आषाढ. पुस्तक बदलायला आलेला माणूस पावती होईस्तोवर एखादा परिच्छेद वाचतो. कंडक्टरची नोकरी करणारे एक सभासद रोज तेवढ्यासाठी डोकावतात, पुस्तक बदलायचं नसलं तरी. पंचवीस तारखेला श्रावण लागेल, तेव्हा पान उलटायचं काम त्यांनी मागून घेतलंय.

१७ जुलै

आजचा दिवस ‘मृत्युंजय’चा.

एक बाई, गेल्या महिन्यात ‘मृत्युंजय’ दुसऱ्यांदा वाचून झालेलं, "तसंच अजून काहीतरी द्या." नेहमीच्या सवयीनं दुसरी पौराणिक कादंबरी दिली असती. त्याऐवजी ‘युगान्त’ पुढे केलं. दोन्ही पुस्तकं १९६७ ची. एकाच वर्षी मराठीत कर्णाचे दोन पुतळे उभे राहिले, एक सोन्याचा आणि एक मातीचा. आणि माझ्या अंदाजानं दोन्ही वाचलेली माणसं फार थोडी असतील. चिठ्ठी: "कर्ण आवडत असेल तर ‘मी कोण?’ हे प्रकरण आधी. राग येईल. मग ‘गांधारी’ वाचा."

ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांना आपण हलकं समजतो. मला तर वाटतं, ललितेतरचा खरा वाचक तोच. त्याला घडलेलं हवं असतं, माणसं हवी असतात, तो जाड पुस्तकाला भीत नाही. त्याला फक्त पलीकडचं दार दाखवलेलं नसतं. म्हणून आजपासून कादंबऱ्यांच्या कपाटात, कादंबरीच्याच शेजारी, कार्ड अडकवायचं. ‘पानिपत’ कादंबरीपाशी: "हे झालं की शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ मागा. आधी प्रत्यक्ष लढाईच्या दिवसाचं प्रकरण." १८५७ वरच्या कादंबऱ्यांपाशी गोडसे भटजी. ‘ययाती’, ‘मृत्युंजय’पाशी इरावतीबाई.

२३ जुलै

बाई ‘युगान्त’ घेऊन आल्या, चेहरा लाल. "कर्णाला असं बोलवतं तरी कसं यांना?" मी म्हटलं, कुठं चुकलंय ते दाखवा. त्यांनी मूळ महाभारतातलं काही आठवून सांगायचा प्रयत्न केला आणि मग म्हणाल्या, "मूळ आहे का आपल्याकडे, मराठीत?"

भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीवर विसंबून इरावतीबाईंनी हे लिहिलंय, हे त्यांना सांगितलं, आणि महाभारताच्या जुन्या मराठी भाषांतराचे खंड आतून काढून दिले. धूळ झटकायला मामांना अर्धा तास लागला. सभापर्वाचा खंड घरी गेला.

२ ऑगस्ट

शेती. इथं सगळ्यात जास्त विचारणा आणि सगळ्यात कमी समाधान. विचारणारा तरुण शेतकरी असतो, त्याला आल्याच्या पिकावरची कीड किंवा ठिबकाचं गणित हवं असतं. त्यासाठी पुस्तक नव्हे, कृषी विद्यापीठांच्या ताज्या पुस्तिका हव्यात. त्या मागवल्यात. पुस्तकानं ते काम करू नये.

पण पुस्तकाचं काम वेगळं असतं, आणि ‘एक होता कार्व्हर’ ते गेली ४४ वर्षं करतंय. वीणा गवाणकर स्वतः ग्रंथपाल होत्या, हे मी दरवेळी अभिमानानं सांगते. कापसानं खंगलेल्या जमिनीला भुईमूग आणि रताळी लावून पुन्हा उभं करणारा माणूस. त्यात चिठ्ठी घातली नाही. हे पुस्तक स्वतःच्या पायानं फिरतं, आपल्या तिन्ही प्रती बाहेर आहेत. शिफारस जिथं लागत नाही तिथं करण्यात वेळ कशाला घालवा. त्याऐवजी तेच पुस्तक परत करणाऱ्याला गवाणकरांचंच ‘डॉ. सालिम अली’ किंवा ‘रोझलिंड फ्रँकलिन’ पुढे करायचं.

जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ मांडणीवर समोर ठेवला. १८८३ चा. त्यांचं मूळ गाव कटगुण इथून हाकेच्या अंतरावर. जयंतीला हार घालणारे सगळे, पुस्तक उघडलेले विरळा. यातला शेवटचा भाग आधी वाचावा: सरकारनं लष्कर-पोलिसांतल्या माणसांकडून बंधारे घालून घ्यावेत, पाणी आणि माती शिवारातच मुरवावी, असं त्यात चक्क लिहिलंय. पाणलोटाची कामं पाहिलेल्या गावात हे पान दाखवलं की माणूस थांबतो. आधीचे भाग, त्यातली भटशाहीवरची झोड, वगळा असं मात्र मी लिहिणार नाही. एक ज्येष्ठ सभासद आडून सुचवून गेले. नाही.

८ ऑगस्ट

शेजारच्या गावच्या नव्या सरपंचताई. "गावावर काही आहे का? भाषणांचं नको." मिलिंद बोकिलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ दिलं. गडचिरोलीतलं मेंढा, गोंडांचं गाव, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेलं. ताईंना सांगितलं, जंगलाचा भाग आपल्याला लागू नाही, तो भरभर वाचा. अभ्यासगट कसा चालतो आणि निर्णय बहुमतानं न घेता सगळ्यांच्या संमतीनं कसा घेतात, ते सावकाश वाचा. ताई हसल्या, "आमच्याकडं दोघांची संमती हुईना."

१४ ऑगस्ट

‘गांवगाडा’ गेलं! निवृत्त तलाठी, नेहमी फक्त वर्तमानपत्रं वाचणारे. चिठ्ठी होती: "महसूल खात्यात काम केलेल्यांसाठी. लेखकही त्याच खात्यातला. वतनदार आणि बलुतेदारांची प्रकरणं आधी."

२६ ऑगस्ट

तलाठी काका आले ते वहीत टिपणं काढून. आत्र्यांनी लिहिलेले बलुत्यांचे हक्क आणि काकांच्या लहानपणी गावात प्रत्यक्ष चाललेलं, दोन रकान्यांत. कुठं जुळतं, कुठं नाही. सुताराला पेंढ्या किती, परटाला काय, महारांच्या वाट्याला कुठली कामं. टेबलाशी उभं राहून त्यांनी ते वाचून दाखवलं. मागं रांग झाली तरी कुणी कुरकुर केली नाही.

मग मी त्यांना ‘बलुतं’ दिलं. दया पवारांचं, १९७८ चं. गाड्याच्या वर बसून दिसणारं गाव वाचलं, आता गाड्याखालून दिसणारं वाचा, असं तोंडी म्हटलं. काकांनी पुस्तक उलटसुलट केलं. "वाचलं नाही मी हे. घरात आणलं नसतं कुणी." घेऊन गेले.

आजवरच्या नोंदींत हीच मला सर्वात महत्त्वाची वाटते. दोन पुस्तकं एकमेकांशी बोलायला लागली, की तिसरं वाचक स्वतः मागतो.

५ सप्टेंबर

गणपतीच्या धामधुमीत देवघेव मंद. एवढ्यात चिठ्ठ्यांचा आढावा घेतला. काही चालल्या नाहीत. ‘अर्थात’ ठेवलं होतं, अच्युत गोडबोल्यांचं, पैशांवरच्या पुस्तकांच्या मागणीला उत्तर म्हणून. ज्याला शेअर बाजारात उद्या काय घ्यावं हे हवंय, त्याला अर्थशास्त्रज्ञांची चरित्रं नको असतात. ते पुस्तक आता स्पर्धा परीक्षांच्या मुलांच्या टेबलावर ठेवलंय, तिथं त्याचा खप आहे.

सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पानांचे फोटो टाका, अशी मागणी. नाही टाकणार. पुस्तकाचं नाव, प्रकरण आणि पान एवढंच. हवं त्यानं यावं, नाहीतर विकत घ्यावं.

१८ सप्टेंबर

बचतगटाच्या बायकांच्या बैठकीला बोलावणं. "तिथं काय वाचता?" म्हणून मंडळातून विचारलं गेलं, हेतू चांगला होता. भाषण दिलं नाही. बेबीताई कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’मधलं एक पान मोठ्यानं वाचलं. फलटणच्या बाई, किराणा दुकान चालवायच्या, रद्दीचे कागद पुड्या बांधता बांधता वाचायच्या, आणि स्वतः लिहिलेलं कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. पुस्तक १९८६ ला आलं.

वाचून झाल्यावर बराच वेळ पुस्तकाबद्दल कुणी बोलेना. मग एकीनं विचारलं, "लपवलं कुठं?" त्यावर जी चर्चा सुरू झाली, कोण काय कुठे लपवतं, ती इथं लिहिण्यासारखी नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नेली होती, तीही गेली. त्यात चिठ्ठी: "वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आधी. हसू आवरणार नाही, पण घरातल्या बाईच्या बाजूनं वाचा."

दुसऱ्या दिवशी तिघी सभासद झाल्या. अनामत हप्त्यानं घ्यायची का, हे मंडळाला विचारायचंय.

१ ऑक्टोबर

खरेदीची यादी करायची वेळ. या वेळी वेगळ्या पद्धतीनं. जूनपासून टेबलावर एक वही ठेवली होती, ‘विचारलं पण मिळालं नाही’ अशी. प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचे, विषयाच्या खान्यांत नाही. त्यातले काही:

"बोअरला पाणी का लागत नाही, यावर."
"मुंबई आधी कशी होती."
"माझ्या मुलाला गणित येत नाही, मला शिकवता येईल असं."
"गोव्यात आमची लेक दिलीय, तिथलं काही."
"म्हातारपणी विसरायला होतं त्यावर."

मुंबईसाठी गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ मागवायचं, १८६३ चं, मराठीत शहरावर लिहिलेलं इतकं जुनं आणि इतकं चौकस पुस्तक दुसरं नाही. गोव्यासाठी महादेवशास्त्री जोशींचं ‘आत्मपुराण’, आणि त्याला जोडून साखवाळचे धर्मानंद कोसंबी. ‘निवेदन’ आपल्याकडे आहे, चिठ्ठी घालायची राहिलीय: घर सोडून बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेशपर्यंत गेलेला माणूस. प्रवासवर्णनांच्या वाचकांना द्यावं.

विसरण्याच्या आजारावर पुस्तक निवडताना तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांना दाखवून मगच घ्यायचं. ते औषधांचं जुनं पुस्तक आठवतंय.

गणिताचं आणि बोअरचं अजून जमलेलं नाही.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. शाळांची मुलं रांगेनं आली. टेबलावर पुस्तकं मांडून, फुलं वाहून फोटो काढायची प्रथा आहे. फुलं वाहिली. नंतर मुलांना एकेक कोरी चिठ्ठी दिली: तुम्ही वाचलेल्या कुठल्याही पुस्तकातलं एक पान दुसऱ्याला सुचवा, कशासाठी ते लिहा. पाठ्यपुस्तकही चालेल. निम्म्यांनी ‘पुस्तक आपला मित्र आहे’ असं लिहिलं. एका मुलानं भूगोलाच्या पुस्तकातलं पर्जन्यछायेचं पान सुचवलं, "आमच्याकडे पाऊस का पडत नाही ते कळलं, भांडण मिटलं." कसलं भांडण, हे विचारेपर्यंत रांग पुढे गेली.

नववीतल्या मुलीला ‘आकाशाशी जडले नाते’ अखेर मिळालं. आधी वाचलेल्या माणसानं आपल्या कार्डामागे पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: "ग्रहणाचा भाग घरी बॅटरी आणि चेंडू घेऊन करून पाहा." पुसायचं नाही. बाकीच्या चिठ्ठ्यांची मागची बाजूही वाचकांसाठी कोरीच ठेवायची.

१७ ऑक्टोबर

दिवाळी अंकांचे गठ्ठे आले, मांडणी त्यांना द्यावी लागणार. वाद घातला नाही. कार्यवाहांशी ठरलं ते असं: दिवाळी अंक महिनाभर, त्यानंतर मांडणी पुन्हा ललितेतरची, आणि आतल्या खोलीचं कुलूप कायमचं निघालं. जूनपासून एकच पुस्तक गहाळ आहे, ‘नागझिरा’. मामांच्या मते ते चोरीला गेलेलं नाही, "फिरतंय."

तलाठी काकांनी ‘उपरा’ नेलं. ‘युगान्त’वाल्या बाईंचं सभापर्व अजून त्यांच्याकडेच, मुदत वाढवून दिली. बोअरच्या प्रश्नासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात सोमवारी पत्र द्यायचं.